अमेरिकेत एमएसला जाताना फोनचं काय करावं? तिथलं सिम, इथला नंबर आणि घरी कॉल

तुमचे प्रश्न तीन आहेत: अमेरिकेचं सिम इथूनच न्यायचं की तिकडे गेल्यावर घ्यायचं, भारतातला नंबर चालू ठेवायचा की नाही, आणि घरी बोलायला वेगळा पॅक लागतो का. यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महाग पडणारा, म्हणून आधी तोच घेतो. तिकडचं सिम उतरल्यावर अर्ध्या दिवसात मिळतं. इथला नंबर एकदा गेला, तर तो परत मिळवायला बहुतेक वेळा स्वतः भारतात यावं लागतं.

बँक, एज्युकेशन लोन, आधार, इन्कम टॅक्स, डिजिलॉकर, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. म्हणून नंबर ठेवायचाच. पोस्टपेड असेल तर निघण्याच्या महिनाभर आधीच प्रीपेड करून घ्या, नाहीतर वापर नसताना दर महिन्याचं बिल भरत बसाल. टेलिकॉम नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून डेटा नसलेले, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक आले आहेत आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. असा वर्षभराचा एक पॅक मारा आणि संपायच्या आधीची तारीख घरच्यांना कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा. सलग ९० दिवस नंबरचा काहीच वापर नाही आणि बॅलन्सही २० रुपयांच्या खाली, अशी वेळ आली तर कंपनी नंबर बंद करू शकते. पुढे तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो.

कंपनीच्या ॲपमधून इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, म्हणजे ओटीपीसाठी महागडा रोमिंग पॅक लागत नाही. पण त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा आणि त्यावर आलेला कॉल उचलू नका. पॅक नसेल तर दर मिनिटाला दणका बसतो. ओटीपी येत नसेल तर नेटवर्क सिलेक्शन ऑटोमॅटिकवरून काढून हाताने दुसरं नेटवर्क निवडून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

यूपीआयचं गणित वेगळं आहे. ॲप नव्या फोनवर टाकलं की ते त्या सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवतं आणि तो गेला नाही तर रजिस्ट्रेशन अडतं. म्हणून तिकडे न्यायच्या फोनवर यूपीआय इथेच बसवून घ्या. पुढे खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) झालं की अमेरिकेच्या नंबरवरही यूपीआय चालू शकतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये ज्या दहा देशांच्या नंबरांना परवानगी दिली, त्यांत अमेरिका आहे. तुमची बँक ती सोय देते का, हे मात्र बँकेलाच विचारा.

आता फोन. इथेच सगळ्यात जास्त जण फसतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी, म्हणजे एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन यांनी, ३जी बंद केलं. त्यामुळे साधा कॉलसुद्धा आता व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच, जातो, आणि फोनमध्ये त्या कंपनीसाठीचं व्होल्टी नसेल तर विचित्र प्रकार दिसतो: इंटरनेट झकास, व्हॉट्सॲप झकास, पण साधा कॉल लावला की लगेच कट. माणूस सिमला दोष देतो, दोनदा सिम बदलतो, आणि दोष फोनचा असतो. एटी अँड टी यात सर्वांत कडक आहे. तिच्या मान्यताप्राप्त यादीत मॉडेल नसेल तर फोन चालूच देत नाही. भारतात विकली जाणारी बरीच अँड्रॉइड मॉडेल्स त्या यादीत नसतात.

दुसरी अडचण बँडची, म्हणजे सिग्नलच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यांची. भारतातले फोन १, ३, ५, ८, ४० आणि ४१ या बँडसाठी बनलेले असतात. अमेरिकेत भिंतीआड, तळघरात आणि गावाबाहेर सिग्नल पोहोचवायचं काम मुख्यतः १२, १३ आणि ७१ हे बँड करतात. ते नसले तर रस्त्यावर फोन चालतो आणि बेसमेंटमधल्या लॅबमध्ये शिरलात की मुका होतो. तपासायची रीत सोपी आहे: डायलरवर *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल, तो ज्या कंपनीचं सिम घ्यायचा विचार आहे तिच्या वेबसाइटवरच्या 'स्वतःचा फोन आणा' या पानावर टाका. ड्युअल सिम फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही टाकून बघा. उत्तर 'नाही' आलं तर भारतात नवा फोन घेऊ नका, तिकडे जाऊन अनलॉक्ड, म्हणजे एकाच कंपनीला न बांधलेला, फोन घ्या.

तिकडे आयफोन घेणार असाल तर एक लक्षात असू द्या. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम. मग भारतातलं सिम घालणार कुठे? एक तर निघण्याआधी ते ई-सिम करून घ्या, किंवा माझ्या मते जास्त शहाणपणाचं म्हणजे जुना फोन सोबत न्या, भारताचं सिम त्यात ठेवा आणि तो खोलीतच राहू द्या. रोजचा फोन बसमध्ये हरवला तरी ओटीपी शाबूत राहतात. इथल्या सिमची डुप्लिकेट काढायला केवायसी लागतं आणि सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. परदेशातून हे निस्तरणं म्हणजे डोक्याला ताप.

सिम कुठून घ्यायचं? विमानतळावरच्या टुरिस्ट सिमला उगीच जास्त पैसे पडतात, आणि ट्रॅव्हल ई-सिममध्ये बहुधा फक्त डेटा असतो, अमेरिकन नंबर नसतो. पहिल्या दोन दिवसांत टॅक्सी आणि नकाशासाठी ते ठीक आहे, बँकेत खातं उघडायला उपयोगाचं नाही. पोस्टपेडसाठी कंपन्या क्रेडिट तपासतात आणि नवीन आलेल्याकडे ना सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) असतो ना क्रेडिट हिस्ट्री. म्हणून सरळ प्रीपेड घ्या. प्रीपेड कंपन्यांपैकी मिंट टी-मोबाइलच्या नेटवर्कवर चालतं, व्हिजिबल व्हेरायझनच्या, क्रिकेट एटी अँड टीच्या. साधारण १५ ते ३० डॉलर महिन्यात भागतं. जाहिरातीतला आकडा नीट वाचा: '१५ डॉलर महिना' म्हणजे पुष्कळदा तीन महिन्यांचे ४५ डॉलर एकदम आगाऊ, आणि वर टॅक्स. 'अनलिमिटेड'लाही मर्यादा असते, ती ओलांडली की वेग उतरतो, आणि हॉटस्पॉटचा कोटा वेगळा मोजतात. गर्दीत स्वस्त प्लॅनवाल्यांचा वेग आधी कापला जातो. कॅम्पसवर फुटबॉलचा सामना असेल त्या शनिवारी हे कळेलच. कंपनी कुठली घ्यायची हे सीनियर्सना विचारा, आणि प्रश्न नेमका विचारा: 'अपार्टमेंटमध्ये रेंज कुणाची येते?'

चार रूममेट्स मिळून फॅमिली प्लॅन घेतात, माणशी खर्च खरंच कमी येतो. पण खातं एकाच्या नावावर असतं. बिल थकलं तर त्याच्या क्रेडिटला फटका आणि बाकी तिघांचे फोन बंद. नंबर घेऊन बाहेर पडायचं तर अकाउंट नंबर आणि ट्रान्सफर पिन त्याच्याकडूनच मागावा लागतो. पहिल्या सेमिस्टरला आपापलं प्रीपेड बरं.

ॲक्टिवेट करताना झिप कोड (तिथला पिन कोड) विचारतात, त्यावरून एरिया कोड ठरतो. सिम चालू झालं की तीन कामं लगेच करा. व्हॉइसमेल लावा: डायलरवर १ दाबून धरा, पिन ठरवा, स्वतःच्या आवाजात नाव सांगा. आपल्याकडे मिस्ड कॉल बघून लोक परत फोन करतात. तिथे घरमालक, डॉक्टर, कंपनीचा एचआर निरोप ठेवून मोकळे होतात. दुसरं, वायफाय कॉलिंग चालू करा. त्यात आणीबाणीचा पत्ता भरायला लावतात, तो खरा भरा आणि घर बदललं की बदला, कारण ९११ ची, म्हणजे आणीबाणीच्या नंबरवरून बोलावलेली, गाडी त्या पत्त्यावर जाऊ शकते. तिसरं, नंबर आणि पत्ता विद्यापीठाच्या पोर्टलवर टाका. पत्ता १० दिवसांच्या आत कळवणं एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर बंधनकारकच आहे.

घरी बोलायला वेगळा पॅक सहसा लागत नाही, व्हॉट्सॲप कॉल पुरतो. व्हॉट्सॲप भारतीय नंबरवरच राहू द्या. आजीकडे साधा फोन किंवा लँडलाइन असेल तर मात्र प्लॅनमध्ये भारताचे कॉल आहेत का, आणि मोबाइल-लँडलाइन दोन्ही आहेत का, ते बघा. मोबाइलवरून +९१ लावा. लँडलाइन असेल तर एसटीडी कोडमधलं पहिलं शून्य गाळा, म्हणजे पुण्यासाठी +९१ २० आणि पुढे नंबर. विभागातल्या टेबलावरच्या फोनवरून ०११ ९१ असं लावतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याआधी बाहेरच्या लाइनसाठी ९. आता ९-०११-९१ मधलं शून्य घाईत सुटलं की काय उरतं ते बघा: ९११. चुकून लागलाच तर फोन ठेवू नका, 'चुकून लागला, सगळं ठीक आहे' असं सांगा. नुसता कट केलात तर ते उलट फोन करतात, कधी पोलीसही दारात येतात.

वेळेचंही बघा. न्यूयॉर्कपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्नियापेक्षा साडेबारा आणि साडेतेरा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं, घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या आठवड्यात 'फोन का नाही आला' म्हणून घालमेल.

नंबर मिळाल्या मिळाल्या फसवे कॉलही सुरू होतात. 'तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर सस्पेंड झालाय', 'इमिग्रेशनमध्ये त्रुटी आहे, डिपोर्ट व्हाल', कधी स्क्रीनवर भारतीय दूतावासाचाच नंबर दिसतो, कारण दिसणारा नंबर खोटा करता येतो. शेवटी मागणी गिफ्ट कार्डची किंवा तात्काळ पैसे भरण्याची. कुठलंच सरकारी खातं गिफ्ट कार्डावर दंड घेत नाही, आणि आयआरएस, म्हणजे तिथलं आयकर खातं, पहिला संपर्क साधारणपणे टपालाने करतं. पुढे काही न बोलता फोन ठेवा आणि विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. त्यांचा नंबर, राहायचा पत्ता आणि आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) कागदावरही जवळ ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत.