पहाटेच्या प्रार्थनेला उठू नकोस

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मागं कुणीतरी ओकत होतं. बादली सरकवल्याचा आवाजही आला. आणि तू विचारत होतास, ‘काका, पहाटेच्या प्रार्थनेला गेलो नाही तर चालेल का?’ चालेल रे. अंथरुणात पडल्या पडल्या केलेली प्रार्थनाही पोचते. जुलाब लागलेल्या पोरानं चटईवर सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसू नये, एवढं देवालाही कळतं.

शिकाऊ मिशनऱ्याला सेवेची भारी घाई असते. मलाही होती. खानापूरकडच्या धो धो पावसात तुमच्यासारख्याच एका मिशनरी केंद्रात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी स्वयंपाकघराची पाळी माझी. रात्री चार वेळा बाहेर पळालो होतो, पण सकाळी पोट जरा शांत वाटलं. पाळी दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालायची, म्हणून कुणाला काही न सांगता काकड्या चोचवल्या, कोशिंबीर हातानंच कालवली. पोरांनी दोन-दोनदा मागून घेतली. दुसऱ्या रात्री संडासापुढं रांग लागली. मी बादल्या उचलत फिरत होतो आणि सर म्हणाले, ‘पोरगा सेवाभावी आहे.’ ते कौतुक मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तुमच्या डॉक्टरांना नोरोव्हायरसचा, म्हणजे उलट्या-जुलाब लावणाऱ्या विषाणूचा, संशय आहे म्हणालास. तसं असेल तर त्याची खोड ओळखून ठेव. शंभराच्या आतले कणसुद्धा माणसाला आडवं करायला पुरतात. पोटात गेल्यावर 12 ते 48 तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं, पण विषाणू त्यानंतरही दोन-दोन आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. म्हणून उलट्या-जुलाब थांबल्यावर निदान 48 तास स्वयंपाकघराची पायरी चढायची नाही, वाढायलाही जायचं नाही. खिशातल्या सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नकोस, त्याला हा फारसा दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांच्या कडांपर्यंत.

ओकारी पडली की आधी तोंडाला फडकं आणि हातात मोजे. जुन्या कागदानं टिपून घ्या, मग लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी तिथं दहा मिनिटं राहू द्या. फिनेलचा वास आला म्हणजे काम झालं असं नाही. आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. नळाची तोटी, दाराची कडी विसरू नका. हात तिथंच लागतात.

गोळ्यांचं म्हणशील तर विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. उगीच औषधाच्या दुकानात जाऊन मागू नका. खरं औषध पाणी. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात, नाही मिळाली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. 1971 साली पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती, सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. हजारो जीव वाचले. ओकलास तर दहा मिनिटं थांब आणि पुन्हा चमच्या-चमच्यानं सुरू कर. भूक लागली की भाताची पेज घे.

तुझ्या खोलीतल्या गोकाकच्या कानडी मुलाकडं लक्ष ठेव. आपण उलट्या-जुलाब म्हणतो, तो ‘वांती-भेदी’ म्हणेल. एरवी तो तुमच्याशी मोडकं मराठी बोलतो, पण तापात माणूस आईच्या भाषेत कण्हतो. ‘नीरु कुडी’, पाणी पी, एवढं तरी म्हणायला शीक. त्याचे डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा तो गुंगीत बोलू लागला, तर रात्र आहे म्हणून थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

तुमच्यातला एकजण म्हणतोय ना, की विश्वास कमी पडला म्हणून साथ आली? त्याला बादली धुवायला सांग. उपास-प्रार्थनेचा आठवडा पुढं ढकला म्हणून मी तुमच्या सरांना फोन करतो. रविवारची गावभेटही नको. वाड्या-वस्त्यांवर देवाचं वचन घेऊन जायचं, जुलाब नव्हे.

आणि घरी येण्यासाठी निपाणीची बस धरू नकोस. घरात आजी आहे. आईशी मी बोललोय. ती लिंबाचं लोणचं पाठवायला निघालीच होती, आठवडाभर थांब म्हटलं.

उद्या सकाळी फोन कर. प्रार्थना झाली की नाही ते विचारणार नाही, लघवी किती वेळा झाली ते सांग.

तुझा,
काका