आबांचा फ्री एजंट

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत आणि संध्याकाळी नातवाशेजारी बसून न्यूयॉर्क मेट्सचे बेसबॉलचे सामने बघतात. परवा नातू एका खेळाडूबद्दल म्हणाला, "आबा, पुढच्या वर्षी तो फ्री एजंट होणार." आबा म्हणाले, "फ्री? म्हणजे फुकटात मिळणार?" ताईंनी सावरून घेतलं, "फुकट नाही हो बाबा, करारमुक्त होणार." त्यावर आबा, "मग सरळ काढून टाकला म्हण की!" ताईंचे प्रश्न तीन: 'करारमुक्त' बरोबर आहे का? कॉन्ट्रॅक्टला करार म्हणावं की कंत्राट? आणि मुद्दाम हरणाऱ्या संघाच्या 'टँकिंग'ला मराठीत काही आहे का?

आधी माझा पक्षपात सांगून टाकतो. मी डेन्व्हरला राहतो, म्हणजे इथल्या रॉकीज या बेसबॉल संघाचा चाहता. २०२३ मध्ये १०३ पराभव, २०२४ मध्ये १०१ आणि २०२५ मध्ये ११९. हरण्याचे शब्द मला जरा जास्तच सुचले तर समजून घ्या.

फ्री एजंट म्हणजे कुठल्याही संघाशी करार करू शकणारा खेळाडू; पण आबांचं काही चुकलेलं नाही. 'फ्री' मराठीत शिरला तो साबणाच्या वडीवर चिकटवलेल्या चमच्याबरोबर, आणि 'एजंट' विम्याचा हप्ता मागायला दारात आला. दोन्ही शब्द आपल्या घरात रुळलेले, पण जोडीने आले की भलताच माणूस उभा राहतो: फुकटात काम करून देणारा एजंट. असा कुणी आजवर पाहण्यात नाही हा भाग वेगळा.

आता 'करारमुक्त'. हा शब्द मला दोन कारणांनी पटत नाही. एक कारण कानाचं. कर्जमुक्त, रोगमुक्त, व्यसनमुक्त, तंटामुक्त, टोलमुक्त. यात '-मुक्त'च्या डावीकडे जे बसतं ते नेहमी काहीतरी नकोसं असतं. तिथे करार बसवला की करार ही पीडा होते, आणि खेळाडूला तर करारच हवा असतो, आणखी मोठा. शिवाय सरकारी कागदात 'कार्यमुक्त करण्यात येत आहे' असतं, आयपीएलच्या बातम्यांत अमुक खेळाडूला 'करारमुक्त केलं' म्हणजे संघाने सोडलं असतं. तेव्हा "काढून टाकला म्हण की" हा आबांनी लावलेला अर्थ मराठी वाचकाला धरूनच आहे.

दुसरं कारण वस्तुस्थितीचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. बेसबॉलमध्ये करार संपणं आणि खेळाडू मोकळा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या लीगमध्ये आलेला नवा खेळाडू साधारणपणे पहिली तीन वर्षं संघ देईल त्या, किमान पगाराच्या आसपासच्या रकमेवर खेळतो. पुढची तीन वर्षं पगारावर एकमत झालं नाही तर प्रकरण लवादाकडे जातं. (हा लवाद मजेदार आहे: खेळाडू एक आकडा सांगतो, संघ एक सांगतो, आणि लवादाने दोहोंपैकी एकच उचलायचा. 'दोघांचंही राहू दे, मधला धरू' ही आपली लाडकी तोड तिथे चालत नाही.) या सहा वर्षांत करार बहुधा सालोसालचे. दर हिवाळ्यात करार संपतो, खेळाडू अक्षरशः 'करारमुक्त' असतो, तरी दुसऱ्या कुठल्याही संघाशी तो बोलणी करू शकत नाही. जुन्या संघानेच नवा करार नाकारला तर गोष्ट निराळी. एरवी सहा वर्षं भरली की मगच तो फ्री एजंट.

हे आबांना सांगायचं असेल तर सालगड्यावरून सांगा, लगेच कळेल. मराठवाड्या-विदर्भात पाडव्याला साल ठरतं, खानदेशात सालदाराचं आखाजीला. गडी उचल घेतो, वर्षभर राबतो. साल संपतं, पण उचल फिटली नसेल तर गडी कुठे जातो? त्याच वाड्यावर. साल संपलं म्हणजे गडी सुटला असं गावात कुणीच म्हणत नाही. 'साल सरलं' आणि 'गडी मोकळा झाला' ही वाक्यं तिथे वेगवेगळीच आहेत, आणि आपल्याला हवा असलेला फरक नेमका तोच आहे. कोट्यधीश खेळाडूची बरोबरी पोटासाठी राबणाऱ्या गड्याशी करणं भयंकर आहे, मान्य. मी फक्त शब्द उसने घेतोय. पण हा आक्षेप अमेरिकेतही घेतला गेलाय, आणि त्याला उत्तर देणारा एक खेळाडूच होता.

त्याचं नाव कर्ट फ्लड. सेंट लुइस कार्डिनल्सकडून बारा वर्षं खेळलेला. १९६९ चा हंगाम संपल्यावर त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याला न विचारता, कारण विचारायची पद्धतच नव्हती. तेव्हाच्या करारात 'रिझर्व क्लॉज' असे. करार एका वर्षाचा, पण तो आणखी वर्षभर वाढवायचा हक्क संघाकडे. वाढवलेल्या करारातही तेच कलम, असं मालक धरून चालत. म्हणजे साल कधी सरायचंच नाही. फ्लडने डिसेंबर १९६९ मध्ये बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, बोवी कून यांना पत्र लिहिलं: माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मी मालमत्ता नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्याने असं बोलावं का, असं विचारल्यावर तो म्हणाला की पगार चांगला मिळाला तरी गुलाम तो गुलामच. त्याने भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड हरला. कारकीर्द संपली ती संपलीच. पुढे डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंच्या प्रकरणात पीटर साइट्झ या लवादाने निकाल दिला की वाढीव एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. तिथून ते कलम ढिलं झालं.

म्हणून माझं मत असं: बोलताना सरळ 'मोकळा' म्हणा. "पुढच्या वर्षी तो मोकळा होतोय." यात काढून टाकल्याची छटा नाही, फुकटाचीही नाही.

लिहायला मात्र 'मोकळा खेळाडू' थोडं विचित्र दिसतं, बाकावर बसून शेंगा खाणारा वाटतो. तिथे मला एक जुना शब्द खुणावतो: मुखत्यार. फ्री एजंटमधला 'एजंट' हा दलाल नव्हे, करणारा. या इंग्रजी शब्दाला दोन फाटे आहेत, दुसऱ्याच्या वतीने करणारा आणि स्वतःच्या मर्जीने करणारा. आपल्या मुखत्यारालाही तेच दोन फाटे आहेत. कुलमुखत्यारपत्र घेऊन तलाठ्याकडे जाणारा मुखत्यार पहिला, आणि "तो काय, आपल्या मर्जीचा मुखत्यार!" यातला दुसरा. शब्द अरबी, 'अखत्यार'चा सख्खा भाऊ, धातूचा अर्थ निवडणे. आणि गंमत म्हणजे अरबीत 'मुख्तार' हे एकच रूप 'निवडलेला' आणि 'निवडणारा' असं दोन्ही होऊ शकतं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटणीत, संघाने निवडलेला पोरगा सहा वर्षांनी स्वतः संघ निवडतो. दोन्ही टोकं एका शब्दात. 'मुखत्यार खेळाडू' उद्या कुणी छापेल अशी आशा नाही. मी छापेन. ताईंनी 'फ्री एजंट' असंच लिहिलं तरी माझी हरकत नाही, फक्त 'करारमुक्त' नको.

करार की कंत्राट? दोन्ही परकेच. कंत्राट पोर्तुगिजांचं, त्यांच्याच 'पगारा'सोबत आलेलं. करार अरबी, आणि त्यात पक्केपणा आहे, म्हणून तर माणूस 'करारी' असतो. पण आज मराठीत 'कंत्राटी' म्हटलं की कंत्राटी शिक्षक, कंत्राटी सफाई कामगार आठवतात: काम तेच, पगार कमी, उद्याचा भरवसा नाही. बेसबॉलचा मोठा करार याच्या बरोब्बर उलटा असतो. खेळाडू जायबंदी झाला, फलंदाजी विसरला, संघाने घरी पाठवला, तरी ठरलेली रक्कम सहसा चुकत नाही. त्यामुळे इथे करारच.

आणि या पक्केपणाची दुसरी बाजू आमच्या गावात नांदते. क्रिस ब्रायंट. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये शिकागो कब्जने दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. २०१५ च्या हंगामाची सुरुवात त्याने खालच्या लीगमध्ये केली आणि १७ एप्रिलला त्याला वर बोलावलं. त्या सहांपैकी सेवेचं एक वर्ष धरायला वरच्या लीगमधले १७२ दिवस लागतात; त्याचे भरले १७१. कारण क्षेत्ररक्षणात सुधारणा हवी होती, असं संघ म्हणाला. एका दिवसाने त्याचं मुखत्यार होणं वर्षभर लांबलं. त्याने तक्रार केली, तीही २०२० मध्ये फेटाळली गेली. दरम्यान तो २०१५ चा सर्वोत्तम नवोदित, २०१६ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि १०८ वर्षांनी कब्ज विजेते झाले होते.

मार्च २०२२ मध्ये तोच ब्रायंट रॉकीजकडे आला, सात वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलरवर. मग पाठीने दगा दिला. पहिल्या चार हंगामांत मिळून सामने १७०, आणि एका हंगामातच १६२ असतात! अशा कराराला इंग्रजीत गळ्यातला अल्बट्रॉस म्हणतात. आपण समुद्रपक्षी कशाला आणायचा? उधळ्या गुराच्या गळ्यात अडकवतात ते लाकूड, लोढणं, आहे की. पळू पाहिलं की पायात येतं. 'पांढरा हत्ती'ही चालेल, पण त्यात हत्तीचा दोष वाटतो. ब्रायंटचा दोष नाही. त्याच्याकडून पहिल्या सहा-सात वर्षांत स्वस्तात काम झालं ते शिकागोत, आणि लोढणं आलं डेन्व्हरच्या गळ्यात.

ताई मेट्सवाल्या, म्हणून जाता जाता एक. बॉबी बोनियाला संघ दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर देतो, २०११ पासून २०३५ पर्यंत. तो मेट्सकडून शेवटचा खेळला १९९९ मध्ये. २००० मध्ये त्याचे ५९ लाख डॉलर देणं होते, ते आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले, त्याचे हे हप्ते. याला 'थकबाकी' म्हणू नका, काहीच थकलेलं नाही. याला आपल्याकडे पेशवाईपासून शब्द आहे: वर्षासन. आबांना "बोनियाला वर्षासन आहे" एवढंच सांगा.

राहिलं टँकिंग. 'नुरा कुस्ती' म्हणायचा मोह होतो, पण ती मैदानातल्या दोघांनी ठरवलेली असते. इथे मैदानातली पोरं जीव तोडून खेळतात; हरायची सोय कचेरीत झालेली असते. चांगले खेळाडू विकायचे, स्वस्तातले उभे करायचे, तळ गाठायचा आणि ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळवायची. माझ्या मते याला 'रान पडीक टाकणं' म्हणावं. शेतकरी रान पडीक टाकतो ते पुढच्या पिकासाठीच. ह्यूस्टन अॅस्ट्रोजने २०११ ते २०१३ मध्ये १०६, १०७ आणि १११ सामने गमावले आणि २०१७ मध्ये विजेतेपद घेतलं. (पुढे त्यांची खुणा चोरण्याची लबाडी उघडी पडली, ते खत वेगळं.)

आता पहिली निवड सोडतीने ठरते, आणि मोठ्या बाजारपेठेच्या संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीतलं वरचं स्थान मिळत नाही. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने गमावले. विसाव्या शतकापासून इतके कुणीच गमावले नव्हते. आधीचा विक्रम १२० चा, १९६२ च्या नवजात मेट्सचा. एवढं रान पडीक टाकून पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांना निवड मिळाली दहावी. आणि आमचे रॉकीज? ते पडीक टाकतच नाहीत. दरवर्षी पेरतात. याला काय म्हणायचं ते आबांना विचारून कळवा.