तुती बियांपासून लावावी का?

तुतीबद्दल आलेल्या तीन प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तर देतो, कारण तिन्हींच्या मुळाशी बीच आहे.

बीड जिल्ह्यातले एक शेतकरी विचारतात, "शेजाऱ्याच्या बांधावर व्ही-1 या तुतीच्या वाणाची जुनी झाडं फळांनी लदली आहेत. त्याच बियांची रोपं करून एकरभर लावली तर बेण्याचा खर्च वाचेल का?"

बेण्याचा वाचेल, पण रेशीम अळ्यांच्या संगोपनात तो दुपटीने भराल. तुतीत नर आणि मादी झाडं बहुधा वेगवेगळी असतात आणि परागकण वाऱ्यावर येतात. त्यामुळे व्ही-1 च्या फळातलं बी हे व्ही-1 नव्हेच. शंभर रोपं लावलीत तर एकाचं पान रुंद नि रसाळ, दुसऱ्याचं कातरलेलं, तिसऱ्याचं खरबरीत. 5 × 3 × 2 फूट जोडओळीत (दोन जोड्यांत 5, जोडीतल्या ओळींत 3, झाडांत 2 फूट) एकरी 5,445 झाडं बसतात. एवढ्या झाडांचा असा मिसळलेला पाला एकाच रॅकवर पडला की अळ्यांची वाढ पुढेमागे होते. निम्म्या कात टाकायला खाणं थांबवून बसलेल्या, निम्म्या अजून खात असलेल्या. मग पाला द्यायचा की थांबवायचा? संगोपनगृहात उभं राहून हा प्रश्न ज्याला पडला, तो पुन्हा बियांच्या वाटेला जात नाही. रेशमासाठी 6 ते 8 महिने वयाच्या फांदीची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, 3-4 डोळ्यांची कांडीच घ्या. शेजारी चांगले असतील तर छाटणीच्या दिवशी त्यांच्याकडे जा. कांड्या बहुधा फुकटच मिळतील.

मग बी कशाला लागतं? नवीन वाण काढणाऱ्यांना, आणि खुंटासाठी. काश्मीरमध्ये गोशोएरामी, इचिनोसे या वाणांच्या कांड्यांना सहज मुळं फुटत नाहीत, म्हणून बियांच्या रोपांवर त्यांची कलमं करतात. बांधावर सावलीला, पाखरांना चार झाडं हवी असतील तरीही बी चालेल.

दुसरा प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. शाळेत मुलांनी तुतीचं बी दोनदा पेरलं, एकही उगवलं नाही. बाई, तुम्ही लिहिलंय की बी मागच्या वर्षीचं होतं आणि बोटभर खोल टाकलं. दोन्ही चुका मीही केल्या आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तर वर अर्धा इंच शेणखत पसरून महिनाभर रिकाम्या वाफ्याला पाणी घातलं!

हे बी खसखशीपेक्षा थोडंच मोठं असतं. उघड्यावर ठेवलं की उन्हाळा-पावसाळ्यात त्याची उगवण झपाट्याने कमी होते. म्हणून झाडाखाली जुनी साडी अंथरा, फांदी हलवा आणि आपोआप पडतील तीच काळीभोर फळं घ्या. बादलीत कुस्करून पाणी ओता. गर आणि पोकळ बी वर तरंगतं, ते सांडून द्या. चार-पाच पाण्यांनंतर तळाला पिवळसर, वाळूसारखं चरचरणारं बी उरतं. ते कागदावर सावलीत वाळवून दोन-तीन दिवसांत पेरा. लगेच पेरणं जमणारच नसेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा.

ट्रेमध्ये चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत, खाली पाणी निघून जायला भोकं. बी बारीक वाळूत मिसळून वरच भुरभुरवा, तळहाताने दाबा आणि जेमतेम झाकेल एवढीच माती चाळा. झारीने घातलेलं पाणीही बी वाहून नेतं. ट्रे पाण्यात ठेवून खालून भिजवा. वर ओलं गोणपाट टाका, पण पहिला कोंब दिसताच काढा. साधारण 8 ते 15 दिवसांत उगवतं. मुंग्यांवर लक्ष ठेवा, बी उचलून नेतात. रोपं दाट झाली आणि माती सतत चिंब राहिली तर बुंध्यातून कोलमडतात, तेव्हा विरळणीला कुचराई नको. 3-4 पानांवर पिशवीत हलवा, पावसाळ्यात जागेवर लावा.

तिसरे शेतकरी म्हणतात, बियांपासून लावलेलं झाड सात वर्षांचं झालं, तुरे येतात पण फळ नाही. तुऱ्याला टिचकी मारून बघा. पिवळी भुकटी उडाली आणि आठवड्यात तुरे गळून पडले तर झाड नर आहे. कितीही खत घातलंत तरी फळणार नाही. तोडून टाकू नका. खोड कमरेएवढं ठेवून कापा, जोमदार फुटव्यांवर फळणाऱ्या झाडाचा डोळा भरा. कलम जमेपर्यंत बाकीच्या फुटव्यांचा पाला शेळ्यांना घाला.