माइनक्राफ्ट नको असलेल्या जुन्या आवृत्त्या डाउनलोड करून डिस्क भरत असेल, तर जागा कशी मोकळी करावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: लॅपटॉपवर माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आहे, लाँचरमध्ये (खेळ उतरवून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तुम्ही कधीही न मागितलेल्या जुन्या आवृत्त्या दिसतात, सी ड्राइव्ह लाल झाला आहे, आणि त्या आवृत्त्या काढून टाकल्या तर मुलांनी बांधलेले जग जाईल की काय, अशी भीती वाटते. आमच्या घरीही हेच झाले होते. 256 जीबीच्या एसएसडीचा एकच लॅपटॉप, त्यावर दिवसा माझे हिशेबाचे काम आणि संध्याकाळी मुलगा व भाची यांचा खेळ. मार्चअखेरीच्या दिवसांत एक्सेलची फाइल सेव्ह होईना, तेव्हा मी या फोल्डरांच्या खोलात शिरलो.

पहिला गैरसमज आधी दूर करतो. नवीन इन्स्टॉलेशन तयार करताना आवृत्त्यांची जी लांबलचक यादी उघडते, ती तुमच्या डिस्कवरची नसते. लाँचर ती यादी इंटरनेटवरून आणतो आणि तिच्यात 1.0 पासूनच्या सगळ्या आवृत्त्या असतात. सेटिंग्जमध्ये ऐतिहासिक आवृत्त्या दाखवण्याची खूण केलेली असेल, तर त्याही मागच्या अल्फा-बीटा काळातल्या आवृत्त्या तिच्यात दिसतात. एखादी आवृत्ती निवडून ‘प्ले’ दाबेपर्यंत तिचा खेळ तुमच्या मशीनवर उतरत नाही. म्हणजे यादी लांब आहे याचा अर्थ डिस्क भरली आहे, असा होत नाही.

खरोखर काय उतरले आहे ते पाहायचे असेल, तर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, ॲपडेटा हा शब्द आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे सलग, अर्थात इंग्रजीत, टाइप करावे. जे फोल्डर उघडेल त्यात डॉट माइनक्राफ्ट नावाचे फोल्डर असते आणि त्याच्या आत व्हर्शन्स, असेट्स, लायब्ररीज, सेव्ह्ज, बॅकअप्स, लॉग्ज अशी पोटफोल्डरे असतात. काहीही पुसण्यापूर्वी यातल्या प्रत्येकावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार पाहावा आणि कागदावर लिहून ठेवावा. ही पाच मिनिटे वाचवायला जाऊ नका.

मी ते आकडे लिहिले तेव्हा चकित झालो. ज्या व्हर्शन्स फोल्डरवर माझा सगळा राग होता, त्यात चौदा आवृत्त्या होत्या आणि सगळ्या मिळून 260 एमबीसुद्धा भरत नव्हत्या. कारण साधे आहे. प्रत्येक आवृत्तीच्या फोल्डरात मुख्यतः दोनच फाइली असतात: एक जार, म्हणजे खुद्द खेळाचा प्रोग्रॅम, आणि एक जेसन, म्हणजे त्याला काय काय लागते याची छोटी यादी. 1.12.2 ची जार सुमारे 10 एमबीची, 1.20.1 ची सुमारे 23 एमबीची. आवाज, संगीत, भाषांच्या फाइली हा जड ऐवज असेट्समध्ये असतो आणि तो सगळ्या आवृत्त्यांना सामाईक असतो. तिथे प्रत्येक फाइलीचे नाव तिच्या मजकुरावरून काढलेल्या चाळीस अक्षरी सांकेतिक खुणेचे असते, त्यामुळे दोन आवृत्त्यांमध्ये गाईचा आवाज तोच असेल, तर तो डिस्कवर एकदाच ठेवला जातो. म्हणून दहा जुन्या आवृत्त्या पुसल्या तरी जेमतेम दीड-दोनशे एमबी मोकळे होतील. तुमची तक्रार जर काही जीबींची असेल, तर चोर दुसरीकडे आहे.

आमच्याकडे तो दोन ठिकाणी सापडला. सेव्ह्जमध्ये 9 जीबी आणि बॅकअप्समध्ये 11 जीबी.

बॅकअप्सचा आणि आवृत्त्यांचा संबंध थेट आहे. जुन्या आवृत्तीत खेळलेले जग नव्या आवृत्तीत उघडताना, विशेषतः ती स्नॅपशॉट म्हणजे चाचणीची आवृत्ती असेल तर, खेळ इशारा देतो आणि बॅकअप घेऊन मग जग उघडण्याचा पर्याय समोर ठेवतो. शेजारीच ‘मी काय करतो आहे ते मला ठाऊक आहे’ अशा अर्थाचे बटण असते. पण मुले शहाणी असतात, ती बॅकअपचेच बटण दाबतात. त्यातून संपूर्ण जगाची झिप फाइल तयार होते, तिच्या नावात तारीख आणि वेळ असते, आणि ती आपण हाताने पुसेपर्यंत तिथेच पडून राहते. स्नॅपशॉटवर खेळणाऱ्याची आवृत्ती वर्षातून अनेकदा बदलते, आणि प्रत्येक बदलाला दोन जीबीच्या जगाची एक प्रत या हिशेबाने वर्षभरात काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले. प्रत्येक जगाची सर्वांत अलीकडची झिप पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून बाकीच्या निर्धास्तपणे पुसाव्यात.

सेव्ह्जच्या बाबतीत मात्र सावकाश चला, कारण मुलांचे जग तेवढ्याच फोल्डरात असते. जग फुगते ते बांधकामामुळे नव्हे, भटकंतीमुळे. खेळ जगाचे तुकडे 16 बाय 16 चौकोनांच्या चंकमध्ये करतो आणि असे 1024 चंक एका एमसीए फाइलीत ठेवतो. म्हणजे एका फाइलीत 512 बाय 512 चौकोनांचा प्रदेश येतो. एलिट्राचे पंख लावून कोणी तासभर सरळ रेषेत उडाले, की वाटेतला सगळा प्रदेश तयार होऊन डिस्कवर लिहिला जातो, मग तिथे कोणी पुन्हा पाऊल ठेवो वा न ठेवो. शिवाय नोव्हेंबर 2021 मधल्या 1.18 पासून जगाची उंची 256 वरून 384 चौकोनांची झाली आहे, त्यामुळे तेवढ्याच जमिनीखाली आता जास्त दगड साठवावा लागतो.

एमसीए सिलेक्टर नावाचे एक मोफत साधन अशा ओसाड चंकांना निवडून पुसू शकते. खेळाडूंनी त्या चंकच्या आसपास किती काळ घालवला, याची नोंद खेळ स्वतःच ठेवतो, आणि सेकंदाला वीस टिक (टिक हे खेळातले वेळेचे माप) या हिशेबाने पाच मिनिटे म्हणजे 6000 टिक होतात. त्याहून कमी नोंद असलेले चंक निवडायचे आणि पुसायचे. हे मी केले आणि 9 जीबीचे साडेतीन झाले. पण भाचीने दोन गावांना जोडणारा लांबच लांब लोहमार्ग घातला होता, त्यावरून गाडी झपकन निघून जायची, त्यामुळे तिथल्या चंकांची नोंद पाच मिनिटांच्या आतली होती. दुसऱ्या दिवशी तिची गाडी जिथे रूळ संपतात तिथे, एका नव्याकोऱ्या डोंगराच्या पायथ्याशी, थांबली. मी आदल्या रात्री जगाची प्रत काढून ठेवली होती म्हणून बचावलो, तरी “मामा, विचारायचं तरी!” हे ऐकावे लागलेच. तुम्ही हे साधन वापराल तेव्हा खेळ बंद ठेवा, आधी प्रत काढा, आणि ज्याचे जग आहे त्याला शेजारी बसवा.

आता जुन्या आवृत्त्या येतातच कशा, ते सांगतो. लाँचरच्या इन्स्टॉलेशन्स पानावरची प्रत्येक नोंद एका आवृत्तीला बांधलेली असते. लेटेस्ट रिलीज ही नोंद मात्र सरकती असते: नवी आवृत्ती आली की पुढच्या वेळी ती उतरते, आणि आमच्या अनुभवानुसार आधीच्या आवृत्तीचे फोल्डर जागेवरच राहते. स्नॅपशॉटची खूण चालू असेल तर चाचणीच्या आवृत्त्याही जमत जातात. आमच्याकडे 23डब्ल्यू07ए नावाचे फोल्डर होते, म्हणजे 2023 च्या सातव्या आठवड्यातला पहिला स्नॅपशॉट, आणि ते केवळ चेरीची झाडे आधी पाहायला मिळावीत म्हणून मुलाने उतरवले होते. तिसरे कारण मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या इतरांनी बनवलेल्या जोडण्या. त्या चालवणारे फोर्ज किंवा फॅब्रिक बसवले की त्याचे वेगळे फोल्डर तयार होते, पण त्याची जेसन फाइल मूळ आवृत्तीकडे बोट दाखवते. त्यामुळे मॉडसाठी 1.12.2 लागत असेल तर साधी 1.12.2 सुद्धा उतरते, आणि ती पुसली तरी लाँचर पुन्हा आणतो. न मागितलेली आवृत्ती पुनःपुन्हा परत येते, ती बहुधा याच वाटेने.

पुसण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम खेळ बंद करून इन्स्टॉलेशन्स पानावर नको असलेल्या नोंदीसमोरच्या तीन टिंबांतून ती नोंद काढावी. नंतर लाँचरही बंद करून व्हर्शन्समधले त्याच नावाचे फोल्डर पुसावे. नुसती नोंद काढली तर फोल्डर मागे राहते. नुसते फोल्डर पुसले तर नोंदीवर चुकून प्ले दाबताच ते परत येते. चाचपून पाहायचे असेल तर आधी फोल्डरचे नाव बदलून एक दिवस खेळू द्यावे. आणि रीसायकल बिन रिकामी करायला विसरू नये. मी विसरलो होतो. दोन तास पुसापुशी करूनही ड्राइव्ह लालच राहिला होता.

असेट्स फोल्डर संपूर्ण पुसले तरी चालते, कारण त्यात तुमचे स्वतःचे काहीच नसते. पुढच्या वेळी लाँचर चालू आवृत्तीपुरत्या फाइली पुन्हा आणतो आणि जुन्या आवृत्त्यांचा गाळ तेवढा निघून जातो. त्यासाठी काही शे एमबींचा डेटा लागेल, म्हणून हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका. खेळ ज्या जावा सॉफ्टवेअरवर चालतो, त्याचेही तसेच आहे: 1.16.5 पर्यंतच्या आवृत्त्यांना जावा 8 लागते, 1.17 ला 16, 1.18 पासून 17 आणि 1.20.5 पासून 1.21 च्या मालिकेपर्यंत 21. लाँचर ज्याची त्याची जावा रनटाइम फोल्डरात ठेवतो आणि तिचे वजन एका जार फाइलीच्या कितीतरी पट असते. जुनी आवृत्ती कायमची सोडली असेल तर तिची जावाही काढता येते.

एक गोष्ट मात्र करू नका. जागा वाचवण्यासाठी एकच आवृत्ती ठेवायची असे ठरवले, तर ती तुमच्या जगांपेक्षा जुनी निवडू नका. नव्या आवृत्तीत खेळलेले जग जुन्या आवृत्तीत उघडले, तर जुन्या आवृत्तीला अनोळखी असलेले ठोकळे नाहीसे होतात आणि जग बिघडू शकते. खेळ तसा इशारा देतो, पण घाईत तो कोण वाचतो? आमच्या घरी मित्रांच्या सर्व्हरसाठी 1.20.1 ची एक स्थिर नोंद ठेवली आहे आणि रोजचा खेळ तिच्यावरच चालतो. लेटेस्ट रिलीजवर सुट्टीतच प्ले दाबले जाते.

इतके करूनही जागा पुरत नसेल आणि मशीनला डी ड्राइव्ह असेल, तर त्या नोंदीच्या ‘एडिट’मध्ये गेम डिरेक्टरी बदलून डी वरचे एखादे फोल्डर द्यावे आणि सेव्ह्ज, मॉड्स व रिसोर्स पॅक्स ही फोल्डरे तिथे हलवावीत. व्हर्शन्स आणि असेट्स सी वरच राहतील, पण त्यांचे वजन किती असते ते आता तुम्हाला ठाऊक आहे. हलवल्यावर खेळाच्या यादीत जगे दिसली नाहीत, तर घाबरू नका: बहुतेक वेळा सेव्ह्जच्या आत आणखी एक सेव्ह्ज तयार झालेले असते, आतले एक पायरी वर आणले की जगे दिसू लागतात.