सैन्याच्या मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व लिहिलं, तरी वडिलांची डिसेबिलिटी पेन्शन नाकारली. इतक्या वर्षांनी काही होईल का?

होईल. वडील सतरा वर्षं नोकरी करून २०११ ला पेन्शनवर आले, ब्लडप्रेशर ३० टक्के धरलं आणि वर ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याही कागदावर हाच शेरा होता. बोर्डाच्या फॉर्मवर आपलीच सही, म्हणजे विषय संपला, असं समजून मी आठ वर्षं खानापुरात गप्प बसलो.

खरं तर आजार नोकरीमुळेच झाला हे जवानाने सिद्ध करायचं नसतं. सैन्याच्या अपंगत्व पेन्शनच्या १९८२ च्या नियमांत स्पष्ट आहे : भरतीच्या मेडिकलमध्ये आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच उचलून धरलं. तिथे आजार फेफऱ्याचा होता, अपंगत्व २० टक्के. (२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात, ते जास्त कडक आहेत. वडिलांना ते लागत नाहीत.)

म्हणून आधी बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण नक्कल मागवा, माहितीच्या अधिकारात मिळते. वडील मराठा पलटणीचे असतील तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. शेऱ्यापुढे कारण काय लिहिलंय ते बघा. बहुतेकदा एक ओळ असते, तीही छापील वाटावी अशी.

मग अपील. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर सैन्य न्यायाधिकरणात जाता येतं. आपल्याला, म्हणजे कर्नाटकातल्यांना, कोची खंडपीठ. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माझा साडू मात्र मुंबईला गेला. पलटण एक, सेंटर एक, पण मधे सीमा आली ना!

पैशाचं म्हणाल तर १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे वडिलांना ९. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालामुळे, नोकरीची मुदत पूर्ण करून आलेल्यांचेही ५० च्या आतले टक्के ५० धरतात, म्हणजे १५ टक्के होतात. त्यासाठी शेरा मात्र आधी हटायला हवा.

थकबाकी साधारणपणे अर्ज केल्याच्या मागची तीनच वर्षं देतात. माझ्या आठातली पाच तशीच बुडाली.