एफ४० आणि ९५९ : वाचकांचे प्रश्न

फेरारी एफ४० आणि पोर्शे ९५९ यांची कायम तुलना होते. दोन्हींत सरस कोणती? (सांगली)

इंजिनिअरिंग बघायचं तर ९५९, यात मला शंका नाही. दोन्हींचं मूळ ग्रुप बी या रॅली-शर्यतींच्या गटात आहे. पोर्शेनं १९८३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ग्रुप बीसाठीचा नमुना मांडला होता. एफ४० आली ती फेरारीच्याच २८८ जीटीओ या गाडीच्या शर्यतीसाठी बनवलेल्या आवृत्तीतून. १९८६ साली कोर्सिकाच्या रॅलीत हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो दगावले आणि त्या वर्षाअखेर ग्रुप बी गुंडाळलं गेलं. गाड्या मात्र रस्त्यावर आल्या, दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या.

पोर्शेचे अभियंते हेल्मुट बॉट यांच्या चमूनं ९५९ ला चारही चाकांची ताकद दिली. रस्ता कोरडा, ओला की बर्फाळ, हे चालकानं दांडी हलवून सांगायचं. पुढच्या-मागच्या चाकांत ताकद किती वाटायची ते गाडी ठरवणार. टायरमधली हवा उतरली तर इशाराही मिळायचा. ऐंशीच्या दशकात!

एफ४० मध्ये पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेक दाबायला मदत करणारा सर्व्हो नाही, रेडिओसुद्धा नाही. दार आतून उघडायला हँडलऐवजी तार ओढायची. रंगाचा थर इतका पातळ, की खालची कार्बन-केवलार या हलक्या, मजबूत धाग्यांची वीण दिसते. आतल्या जोडांवरचा हिरवट गोंदही कुणी झाकलेला नाही. सगळं वजन वाचवण्यासाठी. कमाल वेग ९५९ चा ताशी ३१७ किलोमीटर, एफ४० चा ३२४. पण पावसात घाट उतरायचा असेल तर मी ९५९ चीच किल्ली मागेन.

दोन्हींत दोन-दोन टर्बो, मग चालवताना एवढा फरक का? (नाशिक)

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. ९५९ च्या २.८५ लिटर सहा सिलिंडर इंजिनात कमी आरपीएमला सगळा एक्झॉस्ट एकाच टर्बोकडे जातो, म्हणून तो लवकर फिरतो. दुसरा पुढे साथीला येतो. एफ४० च्या २.९ लिटर व्ही८ मध्ये दोन्ही टर्बो एकदमच काम करतात. आधी काहीच घडत नाही आणि मग पाठीत धपाटा बसतो.

९५९ जेमतेम तीनशे बनल्या, एफ४० तेराशेच्या वर. तरी एफ४० महाग कशी? (ठाणे)

कारण ती कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत, त्यांच्या पसंतीनं आलेली शेवटची गाडी. १९८७ च्या जुलैत ती मारानेल्लोला, फेरारीच्या इटलीतल्या गावी, दाखवली आणि १९८८ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. शिवाय अमेरिकेच्या नियमांत ९५९ तेव्हा बसली नाही. बिल गेट्स यांची ९५९ तिथल्या कस्टममध्ये वर्षानुवर्षं अडकून पडली होती. एवढा मोठा बाजार तेव्हा बंद होता म्हटल्यावर भावावर परिणाम होणारच. माझ्या मते ९५९ ला आजही तिची खरी किंमत मिळत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

यातली एखादी पुण्याला आणता येईल? (पुणे)

नेहमीच्या आयातीनं नाही. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं, असा नियम आहे. या दोन्ही गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या.

जर्मनीत फार कमी चाललेली एफ४० विकायला आहे. कमी किलोमीटर म्हणजे निर्धास्त ना? (स्टुटगार्ट)

अजिबात नाही. तिच्या पेट्रोलच्या टाक्या रबरी पिशव्यांच्या असतात. गाडी चालो न चालो, रबर वयानं खराब होतं आणि साधारण दहा वर्षांनी त्या बदलाव्या लागतात. इंजिनातल्या टायमिंग बेल्टचंही (रबरी पट्ट्याचंही) तसंच. ओडोमीटर बघण्याआधी टाक्या कधी बदलल्या त्याची पावती मागा. पावती नसेल तर तो खर्च भावातून वजा करूनच बोलणी सुरू करा.