ऑन-कॉलच्या आठवड्यात लांब पल्ला नको

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांचा आहे. बाणेरला राहतो, नोकरी हिंजवडीत. आमची टीम एका अमेरिकी रिटेल कंपनीच्या वेब सर्व्हिसेस सांभाळते, ऑर्डर आणि पेमेंटच्या. दर चौथ्या आठवड्याला ऑन-कॉल माझ्याकडे असतो, म्हणजे सिस्टिममध्ये कधीही बिघाड झाला की पहिला फोन मला. रोज रात्री साडेआठला क्लायंटचा कॉल, तो संपेपर्यंत दहा वाजतात. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये साखर काठावर निघाली म्हणून तीन वर्षांपूर्वी धावायला लागलो. दोन हाफ मॅरेथॉन झाल्या, आता जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन धावायची म्हणून नाव नोंदवलंय. धावताना डोक्यात एकही अलर्ट नसतो, तेवढाच वेळ माझा असतो.

नेटवरून प्लॅन घेतला, आठवड्याला सहा दिवस धावण्याचा. पहाटे साडेचारचा गजर, झोप जेमतेम पाच तास. एखादा दिवस बुडला की दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून भरून काढतो. महिनाभर उजवी नडगी दुखतेय, पण रविवारी निघण्याआधी पेनकिलर घेतली की चालून जातं.

मागच्या ऑन-कॉलच्या रविवारी अठराव्या किलोमीटरला पाषाण तलावाजवळ फोन वाजला. पेमेंट सर्व्हिस टाइमआउट होत होती, म्हणजे वेळेत उत्तर देत नव्हती. बायकोला फोन केला. ती चार वर्षांच्या लेकीला स्कूटरवर पुढे उभी करून लॅपटॉप घेऊन आली. फुटपाथवर बसून हॉटस्पॉटवर कोडचं आधीचं व्हर्जन परत चढवलं. सगळं सुरळीत झाल्यावर उरलेले आठ किलोमीटर पूर्ण केले. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "या घरात दमायचा हक्क दोघांनाच आहे, एक इंजिनिअर आणि एक धावपटू." ती बँकेत आहे, तिलाही काम कमी नाही.

मॅनेजरला मॅरेथॉनचं सांगितलेलं नाही. कामात लक्ष नाही असं वाटेल, ही भीती. मॅरेथॉन सोडू का टीम बदलू?

बाणेरचा धावपटू

---

नमस्कार.

सगळ्यात आधी नडगी. बाकीचं सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे नाही. हाडाच्या आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखत असेल आणि पाय गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या हाडालगतचं अतिताणाचं दुखणं, असण्याची शक्यता जास्त. पण एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायला हवी. घरबसल्या निदान करत बसू नका, याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. असा तडा सुरुवातीला एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं तसंच राहिलं तर एमआरआयबद्दल विचारा. तोवर धावणं बंद. दुखत नसेल तर पोहा किंवा सायकल चालवा.

आणि ती पेनकिलर आजपासून बंद करा. दुखणं तिथेच राहतं, फक्त त्याची खबर तुमच्यापर्यंत पोचत नाही, आणि तेवढ्या वेळात दुखापत वाढते. शिवाय आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या घेऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तीन-तीन तास धावलं की मूत्रपिंडावर ताण येतो. धावायला गोळी लागत असेल, तर त्या दिवशी धावायचं नसतं.

आता झोप. तुम्ही साखरेसाठी धावायला लागलात. पाच तासांच्या झोपेवर आठवडेच्या आठवडे काढले की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी बूट बांधलेत तेच बिघडत चाललंय. स्नायू आणि हाडं सुधारतात ती विश्रांतीत, झोपेत. पहाटे रस्त्यावर आपण त्यांना फक्त ताण देतो. दहा वाजता कॉल संपल्यावर कुणी लगेच झोपत नाही, डोकं थंड व्हायलाच तासभर जातो. मग साडेचारचा गजर लावायचाच कशाला? आठवड्यात चार दिवस धावणं तुमच्यासारख्याला पुरतं. दोन दिवस चाळीस-पन्नास मिनिटं, तीही पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्या सावकाश. एक दिवस मध्यम अंतर आणि एक दिवस लांब पल्ला. आठवड्यातली दोन छोटी धावणी संध्याकाळी कॉलच्या आधी होऊ शकतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमुळे सहाला निघून घरी पोचणं अवघड असेल तर ऑफिसच्या आवारात किंवा जिमच्या ट्रेडमिलवर आटपा आणि गर्दी ओसरल्यावर निघा. साडेआठचा कॉल त्या दिवशी ऑफिसातून घेतला तर काय बिघडलं?

बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी दुपटीने भरून काढणं तर पार सोडा. याचं उत्तर तुमच्याच कामात आहे. एखादी सर्व्हिस दमून उत्तर देईनाशी झाली आणि ती वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमनी ताबडतोब पुन्हा पुन्हा रिक्वेस्ट पाठवायला सुरुवात केली, की जी दोन मिनिटांत सावरली असती ती पुरती आडवी होते. म्हणून तुम्ही कोडमध्ये प्रत्येक रिट्रायच्या, म्हणजे पुन्हा केलेल्या प्रयत्नाच्या, आधीचं अंतर वाढवत नेता आणि ठरावीक प्रयत्नांनंतर थांबता. पायांना मात्र तुम्ही ही सवलत दिलेली नाही. बुडालेलं धावणं बुडालं. पुढचं आहे तसं करा.

आता मुद्द्याचं. तुमचा ऑन-कॉल दर चौथ्या आठवड्याला येतो. मॅरेथॉनचे बरेच शहाणे प्लॅन तीन आठवडे अंतर वाढवून चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करतात, शरीराला सावरायला. म्हणजे तुमच्या रोटाचा (ऑन-कॉलच्या पाळ्यांचा) आणि अशा प्लॅनचा ताल एकच आहे, तुम्ही दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेत इतकंच. नडगी बरी झाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की ऑन-कॉलचा आठवडा हाच विश्रांतीचा आठवडा धरा. तीन रविवार हळूहळू वाढवायचं, समजा २२, २५, २८, आणि चौथ्या रविवारी १० ते १२ किलोमीटर, तेही घराभोवतीच्या फेऱ्यांमध्ये, लॅपटॉपपासून दहा मिनिटांच्या आत. आदल्या रात्री अलर्टने उठवलं असेल तर तेही नको, झोपा. ऑन-कॉलवाल्याने लॅपटॉपपासून कित्येक किलोमीटरवर असणं टीमवरही अन्याय आहे. मी अशा टीम सांभाळल्या आहेत. पहिला फोन ज्याला जातो त्याच्या हाताशी मशीन हवं, ही अपेक्षा रास्त आहे.

कॅलेंडरवर दोन तारखा आत्ताच लाल करा. पहिली, नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्या दिवशी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात. क्लायंटने त्यांची वेळ तीच ठेवली की तुमचा साडेआठचा कॉल साडेनऊवर जाईल, संपायला अकरा वाजतील, आणि हे मार्चपर्यंत चालेल. नेमके तुमच्या सर्वांत लांब पल्ल्याचे आठवडे यात येतात. आत्ता ऑक्टोबरमध्येच विचारा, की कॉल त्यांच्या सकाळी एक तास अलीकडे घेता येईल का, किंवा आठवड्यातले दोन कॉल टीममधलं दुसरं कुणी घेईल का. पहिल्याच आठवड्यात थकल्या आवाजात विचारण्यापेक्षा महिनाभर आधी विचारलेलं लोक सहज मान्य करतात. दुसरी तारीख नोव्हेंबरचा शेवट. चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण, शुक्रवारी ब्लॅक फ्रायडे, सवलतीच्या खरेदीचा दिवस. रिटेल क्लायंट असताना त्या शनिवार-रविवारी तुम्ही रोटावर असा नसा, फोन येणारच. त्या आठवड्यात लांब पल्ला ठेवूच नका.

मॅनेजरला सांगायचं का? सांगायचंच, आणि लपवल्यासारखं नाही. असं लिहा: "जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मी मुंबईत फुल मॅरेथॉन धावतोय. त्या आठवड्यात मला ऑन-कॉल नको, शुक्रवार आणि सोमवार रजा हवी. बदल्यात नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा मी घेतो. माझ्या ऑन-कॉलमध्ये रविवारी सकाळी सहा ते आठ पहिला फोन सेकंडरीने, म्हणजे राखीव माणसाने, घ्यावा, त्याच्या आठवड्यात त्याला हवी ती दोन तासांची वेळ मी सांभाळीन." शुक्रवार अशासाठी की बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) शर्यतीच्या सकाळी मिळत नाही, आधीच्या दिवसांत शर्यतीच्या एक्स्पोमध्ये जाऊन घ्यावा लागतो. वर्षअखेरचा आठवडा कुणालाच नको असतो, म्हणून हा सौदा पटतो. त्या दिवसांत बऱ्याच कंपन्या नवीन कोड चढवणं थांबवतात, त्यामुळे मोडतोडही कमी होते. आणि शर्यतीला तीन आठवडे उरल्यावर तुमचं अंतर तसंही उतरणीला लागलेलं असतं. कामात लक्ष नाही असं कोण म्हणेल? ज्याने तीन महिने आधी स्वतःच्या गैरहजेरीची सोय लावली, त्याच्यावर विसंबायला मॅनेजरला सोपं जातं.

त्याच बैठकीत अलर्टचा विषय काढा. गेल्या तीन महिन्यांत रात्री वाजलेले अलर्ट एका शीटवर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा, उठून नक्की काय केलं? "पाहिलं, आपोआप ठीक झालं" असं ज्यांच्यापुढे असेल ते रात्री वाजायचं कारण नाही, सकाळी ईमेलने कळलं तरी पुरे. तुम्ही फुटपाथवर बसून जे केलंत, आधीचं व्हर्जन परत चढवणं, ते टीममधल्या कुणालाही पाच ओळी वाचून करता यायला हवं. त्या पाच ओळी लिहून काढा. टीम बदलायचा निर्णय आज नको. हे सगळं करूनही मार्चमध्ये रात्रीची झोप अशीच तुटत असेल, तर मी स्वतः सांगेन की बदला. मॅरेथॉन नसती तरी सांगितलं असतं.

आता पत्रात जे नाही त्याबद्दल. पाषाण तलावाजवळचा प्रसंग तुम्ही तपशिलात लिहिलाय: टाइमआउट, हॉटस्पॉट, व्हर्जन, उरलेले आठ किलोमीटर. पण लॅपटॉप पोचवून त्या दोघी पुढे काय करत होत्या? तुम्ही काम करेपर्यंत तिथेच उभ्या होत्या? लेकीने काही खाल्लं होतं का? तुम्ही आठ किलोमीटर धावायला निघालात तेव्हा लॅपटॉप परत कुणी नेला? मला ते वाचताना फार लागलं. त्या रविवारी सकाळी तुमच्या ऑन-कॉलची सेकंडरी तुमची बायको होती, आणि तिचं नाव कुठल्याच रोटावर नव्हतं. तिचं ते वाक्य टोमणा समजू नका. तिने परिस्थिती नेमकी सांगितली आहे.

तुमच्या हिशोबात रविवारचं धावणं तीन तासांचं आहे. घरच्या हिशोबात ते शनिवारी रात्री नऊला सुरू होतं, "उद्या लवकर उठायचंय" म्हणून जेवण घाईत उरकण्यापासून, आणि रविवारी दुपारच्या दोन तासांच्या झोपेनंतर संपतं. तुमच्या पत्नींना बँकेत दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. ऑन-कॉल नसलेल्या त्या आठवड्यांत लांब पल्ला शनिवारी करा आणि रविवार सकाळपासून लेक तुमच्याकडे. त्यांनी झोपावं, मैत्रिणींकडे जावं, काहीच करू नये. त्यांना काय हवं ते तुम्ही ठरवू नका. आणि मॅरेथॉन होईपर्यंतच नाही, नंतरही हे चालू ठेवा.

१५ डिसेंबर हा निर्णयाचा दिवस धरा. तोवर २८ ते ३० किलोमीटर एकदा तरी गोळीशिवाय, सावकाश, व्यवस्थित झाले असतील आणि दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला असेल, तर मुंबईला जा. त्या लांब धावण्यांमध्ये खाण्याचाही सराव करा, खजूर, केळं, मीठ-साखरेचं लिंबूपाणी, पोटाला जे मानवेल ते. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास साठवलेली साखर संपत येते आणि पाय शिसासारखे होतात. तिथे पहिल्यांदाच एनर्जी जेल (धावताना खायचं साखरेचं पाकीट) चाखून बघू नये. पाणी तहानेप्रमाणे प्या, प्रत्येक टेबलावर पोटभर पिणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. तुमचा सराव पुण्याच्या कोरड्या थंडीतला असेल. मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते आणि ऊन वर आलं की जाणवते, म्हणून पुण्यातला वेग धरून बसू नका. आणि १५ डिसेंबरला वरचं काही झालं नसेल, तर या वर्षी नको. नोंदणीचे पैसे गेले तर गेले. ही शर्यत २००४पासून आहे, पुढच्या जानेवारीत पुन्हा नाव घालता येईल, आणि तोवर नडगी शाबूत असेल.

मॅनेजरला तो निरोप पाठवण्याआधी घरी दाखवा. एकतीस डिसेंबरची रात्र तुम्ही लॅपटॉपसमोर बसायचं की नाही, यात पत्नींचं मत आधी. त्यांनी त्या आठवड्यात माहेरी जायचं किंवा लेकीला कुठे न्यायचं ठरवलं असेल, तर बदल्यात द्यायला दुसरा आठवडा शोधा.